स्कूटर सर्व्हिसिंगला देताना: नवख्या मालकांसाठी जॉब कार्डापासून गेट पासपर्यंत

2019 च्या पावसाळ्यात कात्रजच्या घाटात माझ्या स्कूटरचा बेल्ट तुटला. इंजिन चालू होते, अ‍ॅक्सिलरेटर पिळला की आवाजही वाढत होता, पण मागचे चाक जागचे हलत नव्हते. मागे आई बसलेली होती आणि वरून पाऊस पडत होता. गाडी 26 हजार किलोमीटर चाललेली होती आणि प्रत्येक सर्व्हिसिंग मी अधिकृत डीलरकडेच, वेळच्या वेळी करून घेतलेली होती. घाटाच्या पायथ्याच्या मेकॅनिकने बेल्टचे कव्हर उघडण्याआधी मला बोल्टकडे पाहायला सांगितले. त्यांच्या खाचांत चिखल दगडासारखा घट्ट बसलेला होता, म्हणजे ते कव्हर बऱ्याच काळात कोणी उघडलेलेच नव्हते. घरी येऊन मी जुने कागद काढले, तर मागच्या तिन्ही जॉब कार्डांवर (गाडी देताना करायची कामे लिहून सही घेतात त्या कागदांवर) ‘बेल्ट व क्लच तपासणी’ या ओळीपुढे बरोबरची खूण होती आणि त्याखाली माझी सही होती.

त्या दिवसापासून सर्व्हिस सेंटरमध्ये वागण्याची माझी पद्धत बदलली. जॉब कार्ड हा तुमच्यात आणि डीलरमध्ये झालेला करार आहे. त्यावर जे स्पष्ट लिहिले जाते ते काम होण्याची शक्यता असते, आणि जे नुसते तोंडी सांगितले जाते ते गाडी आत गेल्यावर कोणाच्या लक्षात राहत नाही. पुढच्या पायऱ्या मुख्यतः 100 ते 125 सीसीच्या पेट्रोल स्कूटरच्या नव्या मालकांसाठी लिहिल्या आहेत. माझा अनुभव पुण्यातला आहे, पण नियम आणि कागदपत्रे महाराष्ट्रात सगळीकडे सारखीच आहेत.

1. आधी मालक-पुस्तिकेतील दोन पाने वाचा

गाडीसोबत मिळालेली पुस्तिका बहुतेक घरांत प्लास्टिकच्या पिशवीतच राहते. तिच्यातील देखभालीचा तक्ता आणि तेल, हवा यांची मापे दिलेले पान एवढे तरी पहिल्या आठवड्यातच वाचा आणि मोबाइलमध्ये त्यांचे फोटो काढून ठेवा. कोणता भाग किती किलोमीटरला तपासायचा आणि कितीला बदलायचा, हे त्या तक्त्यात असते. माझ्या पुस्तिकेत बेल्ट 24 हजार किलोमीटरला बदलावा असे छापलेले होते. ते मी वाचलेले असते तर घाटातला प्रसंग आलाच नसता.

मापांच्या पानावरून तीन गोष्टी टिपून ठेवा: इंजिन ऑइल किती लागते, कोणत्या दर्जाचे लागते आणि टायरमध्ये हवा किती भरायची. माझ्या 110 सीसी स्कूटरला तेल बदलताना सुमारे 700 मिली तेल लागते. बिलात पूर्ण एक लिटर दिसले तर उरलेले तेल कुठे गेले हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. दर्जाच्या बाबतीत तेलाच्या डब्यावरील ‘एमबी’ ही अक्षरे लक्षात ठेवा. बहुतेक स्कूटरचा क्लच तेलात बुडालेला नसतो, म्हणून त्यांना हे तेल चालते. मोटारसायकलसाठी मात्र ‘एमए’ प्रकारचे तेल लागते. तसेच अनेक 110 सीसी स्कूटरना बदलण्याजोगा कागदी ऑइल फिल्टर नसतोच, आत धुऊन परत बसवायची जाळी असते. तुमच्या पुस्तिकेत फिल्टरचा उल्लेख नसताना बिलात ‘ऑइल फिल्टर’ दिसला, तर पैसे देण्याआधी थांबा.

2. मोफत सर्व्हिसिंगची मुदत दोन्ही बाजूंनी मोजा

मोफत सर्व्हिसिंगच्या कूपनवर किलोमीटर आणि दिवस अशा दोन मर्यादा असतात आणि जी आधी संपेल ती लागू होते. पहिली सर्व्हिसिंग साधारणपणे 500 ते 1000 किलोमीटरच्या दरम्यान किंवा महिनाभराच्या आत असते. नव्या इंजिनाचे भाग एकमेकांवर घासून बसताना धातूचे बारीक कण पहिल्या तेलात उतरतात, त्यामुळे ही सर्व्हिसिंग लांबवू नये. घरून काम करणारे, निवृत्त झालेले किंवा गाडी फक्त मंडईपर्यंत नेणारे लोक ‘अजून किलोमीटर झालेले नाहीत’ असे म्हणत राहतात आणि दिवसांची मुदत निघून जाते. माझ्या बहिणीचे दुसरे कूपन असेच वाया गेले.

‘मोफत’ या शब्दाचा अर्थही नीट समजून घ्या. मजुरी मोफत असते. तेल, वॉशर, ब्रेक शू यांसारख्या वस्तूंचे पैसे द्यावेच लागतात. मोफत सर्व्हिसिंगच्या बिलात सर्व्हिसिंगची मजुरी लावलेली असेल तर ती चूक आहे, पण तेलाचे पैसे लावले म्हणून सल्लागाराशी वाद घालू नका.

3. सोबत नेण्याच्या वस्तू

सर्व्हिस बुक आणि कूपन, मागच्या सर्व्हिसिंगचे बिल, नोंदणी पुस्तकाची प्रत आणि विम्याची प्रत एवढे पुरते. नोंदणी पुस्तक आणि विमा डिजिलॉकरमध्ये असले तरी चालते. मूळ कागद डिकीत ठेवून गाडी सोडू नका. अपघातानंतरचे काम विम्यातून करायचे असेल तर वाहनचालक परवानाही लागतो, आणि विमा कंपनीचा सर्व्हेयर गाडी पाहून जाईपर्यंत काहीही उघडू देऊ नये.

डिकी पूर्ण रिकामी करा. रेनकोट, छत्री, हातमोजे, चार्जर यांच्याबद्दल नंतर वाद घालून काही हाती लागत नाही, कारण ते आत होते हे सिद्ध करता येत नाही.

4. दिवस आणि वेळ

शनिवार-रविवार टाळा. त्या दिवशी एकेका मेकॅनिककडे इतक्या गाड्या असतात की तपासण्यासारखी कामे सर्वांत आधी गाळली जातात; तेल बदलले आणि गाडी धुतली की सर्व्हिसिंग झाली, असा प्रकार होतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सेंटर उघडताना जा. दिवाळी-दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवसही फार गर्दीचे असतात.

पुस्तिकेप्रमाणे यावेळी व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे इंजिनातील झडपांपाशी ठेवलेले बारीक अंतर, तपासायचा असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी देता येते का ते विचारा. हे अंतर इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजावे लागते. पाच किलोमीटर चालवून आणलेल्या गाडीचे काम दहा मिनिटांत झाल्याचे कोणी सांगितले, तर ते काम झालेले नाही असे समजायला हरकत नाही.

5. जॉब कार्ड लिहून घेणे

सर्वांत जास्त वेळ येथे द्या. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर टॅबवर किंवा संगणकावर भराभर टाइप करतात, ‘जनरल चेकअप’ असे दोन शब्द लिहितात आणि सहीसाठी कागद पुढे करतात. त्या क्षणी शांतपणे सांगा की माझ्या तक्रारी एकेक करून लिहा.

तक्रार सांगताना निदान सांगू नका, लक्षण सांगा. आणि ते कधी, किती वेगाला, थंड की गरम इंजिनावर जाणवते हेही सांगा. ‘गाडी ओढत नाही’ यापेक्षा ‘दोघे बसल्यावर चढावर पिकअप येत नाही, एकट्याने सपाटीवर ठीक चालते’ हे वाक्य मेकॅनिकला सरळ बेल्ट, रोलर आणि क्लचकडे नेते. ‘हँडल थरथरते’ यापेक्षा ‘वेग 40 वर येताना हात ढिला सोडला की हँडल डावी-उजवीकडे हलते’ असे सांगितले, तर टायर, कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) आणि चाकाचे बेअरिंग पाहिले जाते. ‘सेल्फ लागत नाही’ याऐवजी ‘सकाळी पहिल्यांदा तीन वेळा मारावा लागतो, दिवसा लागतो’ असे लिहून घ्या. घरी दोन दिवस आधीपासून कागदावर टिपून ठेवले तर काउंटरवर काही विसरत नाही.

आवाजाची तक्रार असेल तर अ‍ॅडव्हायझरला किंवा मेकॅनिकला सोबत घेऊन फेरी मारा आणि आवाज ऐकवूनच गाडी सोडा. नुसते लिहून दिलेल्या आवाजावर ‘तपासले, आवाज आढळला नाही’ असे उत्तर मिळते, हे मी तीन वेळा अनुभवले आहे.

त्यानंतर पुस्तिकेच्या तक्त्यातून यावेळी येणारी कामे नावानिशी लिहून घ्या. उदाहरणार्थ: ‘बेल्ट कव्हर उघडून बेल्ट, रोलर व क्लच शू ग्राहकास दाखवणे’, ‘मागील गिअर ऑइल बदलणे’, ‘एअर फिल्टर पाहणे’. मागच्या चाकाजवळच्या गिअरचे तेल 100 मिलीच्या आसपास असते आणि तेच सर्वांत जास्त वेळा विसरले जाते. एअर फिल्टरबद्दल एक सावधगिरी घ्या: अनेक नव्या स्कूटरमध्ये तेलकट कागदाचा फिल्टर असतो, तो हवा मारून साफ करायचा नसतो, मुदत झाल्यावर बदलायचाच असतो. कार्डावर ‘फिल्टर क्लीनिंग’ लिहिलेले असेल तर आपला फिल्टर कोणत्या प्रकारचा आहे हे आधी पाहा.

सहीपूर्वी पुढील नोंदी कार्डावर आहेत का ते तपासा:

किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोलची पातळी, आधीपासून असलेले ओरखडे आणि पोचे, अंदाजे खर्च, गाडी मिळण्याची वेळ, आणि ‘बदललेले जुने भाग ग्राहकास परत द्यावेत’ हे वाक्य.

याच वेळी मीटरचा, गाडीच्या चारही बाजूंचा आणि बॅटरीवरील क्रमांकाचा फोटो काढा. कार्डाची प्रत, निदान तिचा फोटो, घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

6. जादा कामांबद्दल आधीच ठरवा

सर्व्हिसिंगच्या मूळ खर्चापेक्षा बिल फुगते ते जोडकामांमुळे. टेफ्लॉन कोटिंग, पॉलिशिंग, इंजिन डीकार्बनायझिंग, इंजेक्टर क्लीनिंग, अँटी-रस्ट अशी नावे अ‍ॅडव्हायझर ‘सगळे करून घेतात’ म्हणून सुचवतात. ही सगळी कामे निरुपयोगी आहेत असे माझे म्हणणे नाही. कोकणात किंवा मुंबईत समुद्राच्या खाऱ्या हवेत गाडी उभी राहत असेल तर गंजरोधक लेपाचा विचार जरूर करावा. पण ज्या कामाचा उल्लेख पुस्तिकेच्या तक्त्यात नाही आणि ज्याच्याशी जुळणारी तक्रार तुम्ही केलेली नाही, ते काम पहिल्या वर्षात नाकारावे, असे माझे ठाम मत आहे. चार हजार किलोमीटर चाललेल्या, सुरळीत सुरू होणाऱ्या गाडीचे इंजेक्टर साफ करण्याचे पैसे मी एकदा दिले आहेत. कशासाठी दिले हे त्या दिवशी मला विचारता आले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

कार्डावर एक ओळ घालून घ्या: ‘ठरलेल्या अंदाजापेक्षा जास्त खर्चाचे काम फोनवर विचारल्याशिवाय करू नये.’ दुपारी फोन येतो तेव्हा घाईत ‘हो करा’ म्हणू नका. कोणता भाग, का बदलायचा, आता न बदलल्यास काय होईल आणि भाग व मजुरी मिळून किती, असे चार प्रश्न विचारा, आणि झिजलेल्या भागाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा.

ब्रेक शूच्या बाबतीत तर निर्णय तुम्हाला स्वतःलाच घेता येतो. बऱ्याच स्कूटरच्या ड्रमजवळ ब्रेकच्या दांड्यापाशी एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण ड्रमच्या प्लेटवरील खुणेला टेकत असेल तर शू बदलायची वेळ झाली. अंतर शिल्लक असेल तर शू शिल्लक आहेत.

7. धुलाईकडे दुर्लक्ष करू नका

जोराच्या फवाऱ्याने धुताना पाणी बेल्टच्या कव्हरमध्ये किंवा एअर फिल्टरच्या डब्यात गेले तर बेल्ट घसरतो, गाडी अडखळते आणि मालकाला वाटते की सर्व्हिसिंगने गाडी बिघडवली. पावसाळ्यात तर मी ‘फक्त बाहेरून पुसणे’ असे लिहून देते.

8. गाडी ताब्यात घेताना

काही कंपन्यांत काम संपल्यावर मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो दिल्यावर जॉब कार्ड बंद होते. गाडी पाहण्याआधी तो सांगू नका.

गाडी मुख्य स्टँडवर, सपाट जागी उभी करायला सांगा आणि ऑइलची काडी स्वतः पाहा. काडी पुसून आत घालायची, आणि पुस्तिकेत तसे सांगितलेले असेल तर आटे न फिरवता नुसती टेकवून बाहेर काढायची. तेल दोन खुणांच्या मधे हवे. वरच्या खुणेच्या पुढे गेलेले तेलही इंजिनाला चांगले नसते. खालच्या ड्रेन बोल्टभोवती ओल आहे का ते वाकून बघा. त्या बोल्टचा वॉशर दर वेळी बदलायचा असतो, आणि तो न बदलता बोल्ट जास्त आवळला तर अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगचे आटे जातात. ती दुरुस्ती महाग पडते.

मग दोन्ही ब्रेक दाबून पाहा. ड्रम ब्रेकच्या दांडीला 1 ते 2 सेंटीमीटर मोकळी चाल असणे बरोबर. सर्व्हिसिंगनंतर ब्रेक फार आवळून देण्याची सवय अनेक मेकॅनिकना असते. तसे झाले तर ब्रेक सतत घासत राहतो, ड्रम तापतो आणि अ‍ॅव्हरेज घटतो. स्टँडवर मागचे चाक हाताने फिरवून पाहिले की लगेच कळते. नुकत्याच धुतलेल्या गाडीचे ड्रम ओले असतात, त्यामुळे आवारातच सावकाश चार-पाच वेळा ब्रेक मारून मग रस्त्यावर या. हवाही पाहा. माझ्या स्कूटरला पुढे 22 आणि एकट्यासाठी मागे 29 पीएसआय सांगितलेली आहे, आणि सेंटरमधून ती अनेकदा 35-40 भरून येते. टणक टायर ओल्या रस्त्यावर घसरतो, म्हणून हे किरकोळ समजू नका.

शेवटी जॉब कार्ड हातात घेऊन एकेका ओळीवर बोट ठेवा: हे झाले का, कोणी केले, जुना भाग कुठे आहे. जुना भाग पाहण्याचा आग्रह धरा. एक छोटी फेरी मारून, ज्या तक्रारीसाठी आलो ती गेली का हे बघूनच पैसे भरा आणि गेट पास, म्हणजे गाडी बाहेर नेण्याची चिठ्ठी, घ्या. ‘कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा सांगा’ अशी विनंती केली जाते. काम पाहण्याआधी तसे वचन देऊ नका, आणि काम खरोखर चांगले झाले असेल तर त्या मेकॅनिकचे नाव घेऊन सांगा. त्याला त्याचा उपयोग होतो.

9. बिल वाचणे

22 सप्टेंबर 2025 पासून दुचाकीचे सुटे भाग आणि सर्व्हिसिंगची मजुरी या दोन्हींवर 18 टक्के जीएसटी आहे. त्याआधीच्या जुन्या बिलांत भागांवर 28 टक्के दिसेल, ते तेव्हाच्या दराप्रमाणे होते. पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीत कर धरलेलाच असतो. म्हणून भागाची करासह रक्कम छापील किमतीपेक्षा जास्त होता कामा नये. छापील किंमत घेऊन तिच्यावर पुन्हा कर लावलेला दिसला तर तो काढून घ्यायला सांगा. छापील किमतीपेक्षा जास्त आकारणीची तक्रार राज्याच्या वैधमापनशास्त्र विभागाकडे करता येते. ‘कन्झ्युमेबल्स’ या नावाखाली रक्कम असेल तर त्यात कोणत्या वस्तू आल्या हे विचारा.

रोख देता म्हणून बिल नको, असे कधीही मान्य करू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि पुढच्या प्रत्येक दाव्याचा आधार हे बिलच असते.

10. वॉरंटी टिकवणे

वॉरंटी निर्मितीतील दोषांसाठी असते. ब्रेक शू, क्लच शू, बेल्ट, प्लग, फिल्टर हे झिजणारे भाग सहसा तिच्यात येत नाहीत. बॅटरी आणि टायर यांची वॉरंटी बहुधा त्यांच्या उत्पादकांची असते, त्यामुळे त्यांची कार्डे वेगळी सांभाळा. बहुतेक पुस्तिकांमध्ये सर्व सर्व्हिसिंग वेळेत आणि अधिकृत ठिकाणी करण्याची अट असते, म्हणून वॉरंटीच्या काळात तरी बाहेरच्या मेकॅनिककडे इंजिन उघडू नका. मोठा हॉर्न, जादा दिवे किंवा मोबाइल चार्जर बसवण्यासाठी वायर कापून जोड दिलेला आढळला, की विजेच्या सगळ्या भागांचा दावा नाकारायला कारण मिळते. नवी गाडी हाती आल्यावर पहिला उत्साह याच गोष्टींचा असतो, म्हणून हे विशेष सांगावेसे वाटते.

वॉरंटीचा दावा नाकारला तर नकार कारणासह लेखी मागा. ‘कंपनीने रिजेक्ट केले’ हे तोंडी उत्तर स्वीकारू नका.

11. तक्रार करावी लागली तर

प्रथम सर्व्हिस मॅनेजरला लेखी पत्र किंवा ईमेल द्या, त्यात गाडीचा क्रमांक, जॉब कार्डाचा क्रमांक, तारीख आणि नेमकी मागणी लिहा. आठवडाभरात उत्तर आले नाही तर तेच पत्र उत्पादक कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला पाठवा. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे; तेथे मराठीतही बोलता येते. मार्गदर्शन हवे असेल तर ग्राहकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटा. 1974 साली बिंदुमाधव जोशी यांनी ही चळवळ पुण्यातच सुरू केली.

हे सगळे करूनही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही जेथे राहता त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावणे सक्तीचे नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते.

माझ्या बेल्टच्या प्रकरणात आयोगापर्यंत जावे लागले नाही. तिन्ही जॉब कार्डांच्या प्रती, न उघडलेल्या बोल्टचे घाटात काढलेले फोटो आणि पुस्तिकेतील 24 हजारांच्या ओळीचा फोटो जोडून मी मॅनेजरला पत्र दिले. चार दिवसांनी त्यांनी गाडी परत बोलावली, कव्हर माझ्यासमोर उघडून रोलर आणि क्लच शू दाखवले, तिन्ही वेळच्या तपासणीची मजुरी परत केली आणि नव्या जॉब कार्डावर ‘ग्राहकास दाखवले’ असे लिहून खाली मेकॅनिकने स्वतःची सही केली.